खालच्या बाईंची सुरी

आई, आज सकाळी तुमची सुरी धार लावायला नेली होती. आमच्याकडे आता उन्हाळ्यात फार्मर्स मार्केट भरतं, तिथे एक माणूस टेबल मांडून धार लावत बसतो. त्यानं सुरी उलटसुलट करून पाहिली, पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि विचारलं, "बरीच वर्षं वापरताय वाटतं?" मी म्हटलं, हो, बरीच. पातं झिजून निम्म्यावर आलंय, आता फार वेळा धार लावता येणार नाही, असं तो म्हणाला. मी बरं म्हटलं. त्यानं ती जाड कागदात गुंडाळून दिली. घरी येऊन मी तिनं काकडी चिरली, ताटली झाकून ठेवली आणि हे लिहायला बसले. वाईट वाटलं म्हणून बसले असं म्हणवत नाही, कारण तसं काही वाटलं नाही. काकडी चिरून झाली होती आणि दुपार रिकामी होती.

वर 'आई' असं लिहून गेले. समोर असताना मी तुम्हाला कधी आई म्हटलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असणारच. काहीच म्हटलं नाही. तुमचं माझ्याकडे लक्ष जाईपर्यंत थांबायचं आणि मग बोलायला लागायचं, किंवा नुसतं 'अहो' म्हणायचं. तुम्हीही मला नावानं फारशी हाक मारली नाहीत. 'तू' म्हणायचात, आणि घरात आपण दोघीच असल्यामुळे ते पुरायचं. मामंजी गेले आणि पुढच्याच वर्षी तुमचा मुलगा तुम्हाला नागपूरहून शिकागोला घेऊन आला, तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार. तुम्हाला घेऊन आम्ही एअरपोर्टवर उतरलो, तर तुमच्या बॅगेतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली विळी निघाली. तुमच्या आईची होती. कस्टमच्या माणसानं ती उघडून पाहिली आणि हे काय म्हणून विचारलं. तुमच्या मुलानं किचन टूल असं सांगितलं. त्या माणसाचा विश्वास बसेना. तेव्हा तुम्ही सरळ तिथल्या फरशीवर बसलात, पाट पायाखाली घेतलात आणि हवेत एक भाजी चिरून दाखवलीत. तो हसला आणि जा म्हणाला. तुम्ही हसला नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठलात आणि विळी पुन्हा लुगड्यात बांधलीत.

आपण डेव्हन रस्त्याच्या जवळ एका दोन मजली घरात वर राहत होतो. खाली घरमालकीणबाई राहायच्या. त्यांचे आईवडील जपानमधून आलेले, त्या स्वतः कॅलिफोर्नियात जन्मल्या होत्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोला येऊन राहिल्या होत्या. नवरा गेलेला होता. आपण त्यांना खालच्या बाई म्हणायचो. तुम्ही आलात तेव्हा त्या जिन्यात भेटल्या आणि कमरेत किंचित वाकल्या. तुम्ही हात जोडलेत. मग दोघी आपापल्या दारात गेलात. पहिलं वर्षभर तुमचं आणि त्यांचं एवढंच चालायचं.

आपलं दोघींचं मात्र स्वयंपाकघरात रोज काही ना काही व्हायचं. मी पुण्याची, आमटीत गूळ घालणारी. पहिल्याच आठवड्यात तुम्ही घास तोंडात घेऊन थांबलात आणि म्हणालात, "हे वरण आहे की खीर?" एकदा म्हणालात, "सांबार काढून ठेव," तर मी कपाटातला मद्रासी मसाल्याचा डबा काढून ठेवला. नागपूरला कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला कुठे माहीत असणार. तुम्ही त्या डब्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि फ्रिजमधून कोथिंबिरीची जुडी स्वतःच काढलीत. मी दिवसभर एका इन्शुरन्स कंपनीत फायली लावायचे. संध्याकाळी बसमधून उतरून वर यायचे तेव्हा स्वयंपाक झालेला असायचा आणि तुम्ही लिनोलियमवर वर्तमानपत्र पसरून, विळीवर बसून उद्याची भाजी चिरत असायचात. मी हात धुऊन यायचे तोवर तुम्ही ताट वाढलेलं असायचं. ती माया होती की शिस्त, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता त्यावर विचार करून काही हाती लागत नाही.

मग ती थंडी आली. सकाळी चहा गाळताना तुमच्या डाव्या हातातून कप सुटला. तुम्ही खाली पडलेल्या कपाकडे बघत उभ्या राहिलात आणि तोंडातून शब्द वाकडे यायला लागले. हॉस्पिटलमधून तुम्ही घरी आलात तेव्हा बोलणं जवळजवळ पहिल्यासारखं झालं होतं, चालता येत होतं, डावा हात हलत होता. पण त्या हातात काही कळत नव्हतं. डॉक्टरांनी तुम्हाला डोळे मिटायला लावले आणि बोटांना टाचणी टोचली. तुम्ही म्हणालात, "अजून सुरू नाही का केलं?" मी ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांनी टाचणी ट्रेमध्ये ठेवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तुमच्या मुलाला जिन्यात गाठून सांगितलं होतं, की यांच्यासाठी खिळे लावलेला पाट मिळतो, भाजी त्यात अडकवायची आणि एका हातानं कापायची. तो म्हणाला, "आता तिला काय गरज आहे काम करायची? आम्ही आहोत ना." मी शेजारी उभी होते. मलाही ते बरोबरच वाटलं.

तुम्ही घरी आल्यावर काही दिवसांतच पुन्हा विळीवर बसलात. तो रविवार होता. मी ओट्यापाशी कणीक मळत होते आणि तुम्ही माझ्या मागे खाली बसून कोबी चिरत होतात. तुमचा कोबी केसासारखा बारीक असायचा. मी सहज वळून पाहिलं तर ढिगाची एक बाजू लाल झालेली. तुमचे हात चाललेच होते.

मी म्हटलं, "अहो, रक्त."

"कोणाचं?" तुम्ही विचारलंत.

मी खाली बसले आणि तुमचा डावा हात उचलला. तर्जनी आणि मधलं बोट खोल कापलं होतं. तुम्ही त्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा तरी हात बघावा तसं बघत होतात. तुमचा मुलगा बाहेरून आला. त्यानं टॉवेल आणला, तुम्हाला गाडीत बसवून नेलं, टाके घालून आणलं. घरी आल्यावर त्यानं विळी उचलली, मागच्या लाकडी जिन्यानं खाली गेला आणि गल्लीतल्या कचऱ्याच्या पिंपात टाकून आला. मला वाटलं होतं तळघरात ठेवायला चाललाय. वर येऊन त्यानं हात धुतले आणि म्हणाला, "विषय संपला." तुम्ही खुर्चीवर होतात. बांधलेला हात मांडीवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघताना मागच्या खिडकीतून पाहिलं. तुम्ही मोज्यांवर चपला घालून, शाल पांघरून बर्फातून गल्लीत गेला होतात. एका हातानं पिंपाचं झाकण धरून आत वाकून बघत होतात. कचऱ्याची गाडी तुमच्या आधी येऊन गेली होती. ते रिकामं पिंप तुम्ही बराच वेळ बघितलंत, मग झाकण नीट बसवलंत. मी खिडकीतून बाजूला झाले. बस चुकू नये म्हणून पुढच्या दारानं निघाले. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही, आणि तुमच्या मुलाला मी ते सांगितलं नाही.

त्यानंतर तुम्ही स्वयंपाकघरात येणं सोडलंत. रागावून नाही. रागावला असतात तर ते ओळखीचं तरी झालं असतं. तुम्ही पुढच्या खोलीत खिडकीशी बसून डेव्हनच्या बसेस बघायचात. ताट आणून दिलं की जेवायचात, ताट नेलं की मान हलवायचात. मी मुद्दाम आमटीत गूळ जास्त घातला, तरी काही बोलला नाहीत. घर इतकं शांत झालं की मला ऑफिसमधून यायला थोडा उशीर झाला तर बरं वाटायचं. तुमचा मुलगा तुमच्याशी मोठ्यानं, आनंदी आवाजात बोलायचा आणि मग आत येऊन माझ्याशी काहीच बोलायचा नाही. मी तिघांसाठी भाज्या चिरत होते. मला कंटाळा येत नव्हता, वाईट वाटत नव्हतं. हात चालायचे आणि डोक्यात काही नसायचं.

खालच्या बाई वर आल्या त्या रेडिएटर गार पडला म्हणून बघायला. त्यांनी व्हॉल्व्ह पिळला, पाइपला कान लावला आणि मग खिडकीशी बसलेल्या तुमच्याकडे बघत राहिल्या. तुमच्या हाताकडे. मला विचारलं, "जाणीव गेलीय का हाताची?" मी हो म्हटलं. "माझ्या नवऱ्याची अशीच गेली होती," त्या म्हणाल्या. "उजव्या हाताची. तो सुतार होता." एवढं बोलून त्या खाली गेल्या आणि थोड्या वेळानं परत आल्या. हातात लांबट लाकडी खोकं होतं. ते त्यांनी तुमच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतःच झाकण काढलं.

आत ही सुरी होती. ना मोठी ना लहान, वीतभराहून थोडी जास्त. पातं वरच्या बाजूला काळपट, त्यावर हातोडीचे ठोके दिसत होते, आणि धारेशी पांढरंशुभ्र. मुठीजवळ जपानी अक्षरं ठोकलेली. मूठ फिकट लाकडाची, अगदी हलकी. त्यांचा थोरला भाऊ लहानपणीच आजीआजोबांकडे जपानला गेला आणि तिथे लोहारकाम शिकला. त्या त्याला आयुष्यात एकदाच जाऊन भेटल्या, तेव्हा त्यानं स्वतः घडवून त्यांना दोन सुऱ्या दिल्या होत्या. एक त्या वापरत. दुसरी ही. बाई सांगत होत्या आणि मी तुम्हाला मराठीत सांगत होते. "त्यांना सांग, ही बोथट सुरीसारखी घसरत नाही. दाबावं लागत नाही. जिथे ठेवाल तिथेच कापते. फक्त ओली ठेवू नका, गंजते." तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि मला म्हणालात, "त्यांना म्हण, आमच्या घरी मला सुरीला हात लावायची मनाई आहे." मला ते इंग्रजीत सांगायची लाज वाटली, पण सांगितलं. बाई म्हणाल्या, "मनाई माझ्याही घरी होती. मीच केलेली. नवऱ्याला." आणि गेल्या.

संध्याकाळी तुमचा मुलगा आला. सुरी ओट्यावर होती. त्यानं ती पाहिली, खोक्यात घातली आणि खोकं फ्रिजच्या वर मागे सरकवलं. तेव्हा तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात. कितीतरी आठवड्यांनी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात होतात.

"ते खाली काढ," तुम्ही म्हणालात.

"आई, हात कापेल पुन्हा."

"कापू दे. हात माझा आहे."

"तुला कापलेलं कळत नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे."

"मला कळत नाही ना? मग तू कशाला रडून राहिला?"

तो रडत नव्हता. पण त्याचा चेहरा पाहिला तर तुम्ही म्हणालात ते खोटंही वाटलं नसतं. मग तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "विळी फेकली तेव्हा मी तुला काही म्हटलं नाही. तुझं घर आहे. पण मी इथं पाहुणी म्हणून आलेली नाही. पाहुणी म्हणून ठेवायची असेल तर मला नागपूरला नेऊन सोड. तिथं मी पाहुणी नव्हती."

तो फ्रिजला टेकून उभा होता. मग तळघरात गेला. थोड्या वेळानं खालून ठोकल्याचा आवाज यायला लागला. तुम्ही आणि मी स्वयंपाकघरातच होतो. आपण एकमेकींकडे पाहिलं नाही. तो वर आला तेव्हा त्याच्या हातात माझाच पोळपाटाएवढा जुना लाकडी पाट होता आणि त्यातून खिळे वर आलेले. खिळे स्टेनलेस स्टीलचे होते, टोकं त्यानं कानशीनं सारखी करून घेतली होती. पाटाच्या खाली रबराच्या पट्ट्याही चिकटवल्या होत्या. व्यायामाच्या बाईंनी जिन्यात सांगितलेला शब्द न् शब्द त्याच्या लक्षात राहिला होता. त्यानं एक बटाटा खिळ्यांवर बसवला, फ्रिजवरून खोकं काढलं आणि स्वतः उभं राहून बटाट्याच्या चकत्या केल्या.

तुम्ही बघत होतात. "जाड कापतोस," तुम्ही म्हणालात आणि सुरीसाठी उजवा हात पुढे केलात.

त्यानंतर तुम्ही जी तीन-साडेतीन वर्षं होतात, त्यांत घरातली भाजी मी चिरल्याचं मला आठवत नाही. तुम्ही टेबलाशी खुर्चीवर बसून चिरायचात. डावा हात मांडीवर पदराखाली ठेवायचात, मध्ये येऊ नये म्हणून. विळीवरचा तो केसासारखा कोबी पुन्हा झाला नाही. पण भेंडी, वांगी, दुधी, आणि सांबारवडीसाठी जुड्याच्या जुड्या सांबार. खालच्या बाई दुपारी वर यायला लागल्या. मी ऑफिसात असायचे, त्यामुळे मधे भाषा सांगायला कोणी नव्हतं. तुम्ही दोघी काय बोलत होतात ते मला माहीत नाही. एकदा सुट्टी घेऊन घरी होते तेव्हा पाहिलं, त्या ओल्या दगडावर सुरी घासत होत्या, तुम्ही शेजारी बसला होतात, आणि दोघीही गप्प होतात. थोड्या वेळानं त्यांनी पातं तुमच्यासमोर धरलं. तुम्ही मान हलवलीत. त्यांनी आणखी घासलं. दसऱ्याला तुम्ही पाटावर सुरी ठेवून हळदकुंकू वाहिलंत आणि मला त्यांना वर बोलवायला पाठवलंत. त्या आल्या, भावाच्या सुरीवरचं ते कुंकू पाहिलं आणि पहिल्या दिवशी जिन्यात वाकल्या होत्या तशा सुरीपुढे वाकल्या. मग चष्मा काढून पुसला. तुम्ही त्यांना दुधी हलव्याची वाटी दिलीत आणि मला म्हणालात, "बघत काय उभी राहिली? चमचा आण."

तुम्ही गेलात तेव्हाही थंडीच होती. बर्फामुळे ऑफिस बंद होतं म्हणून मी घरी होते. तुम्ही टेबलाशी मेथी चिरत होतात आणि मी तांदूळ धुवायला घेतले होते. मध्येच तुमची मान पुढे झुकली. मला वाटलं डुलकी लागली. ॲम्ब्युलन्स आली, तुमचा मुलगा थेट हॉस्पिटलमध्ये आला. दोन दिवस तुम्ही डोळे उघडले नाहीत आणि मग संपलं. मी रडले नाही. महाराष्ट्र मंडळातल्या काकू डबे घेऊन आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मोकळी हो, रडून घे." मी त्यांना चहा विचारला. सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात आले, तर मेथी काळी पडली होती आणि सुरी तिच्यातच ओली राहून गंजली होती. मी राखेसारखी पावडर घेऊन गंज घासत बसले. तो बराचसा गेला. खालच्या बाई दारापर्यंत आल्या, मी काय करतेय ते पाहिलं आणि आत न येता तशाच खाली उतरल्या. पुढच्या वर्षी त्या आपल्या बहिणीकडे कॅलिफोर्नियाला गेल्या आणि आम्ही सबर्बमध्ये घर घेतलं.

तुमचा मुलगा आता रिटायर झालाय. सकाळी फिरून येतो, पेपर वाचतो. तुमच्याबद्दल तो कमी बोलतो, पण तुम्ही गेलात तेव्हा त्यानं मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली होती. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, मग घरी, मग तेराव्याच्या दिवशी. आई शेवटचं काय बोलली? मी दर वेळी म्हटलं, काही नाही. मेथी चिरत होत्या, काही बोलल्या नाहीत. त्यानं ते मान्य केलं. हे लिहून झालं की कागद फाडून टाकीन, कारण घरात ठेवला तर तो वाचेल.

तुम्ही बोलला होतात. मी तांदूळ मोजत होते आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "भात थोडाच लाव. उरला की उद्या परत तूच शिळा खात बसशील."

ते वाक्य मला म्हटलेलं होतं. म्हणून मी ते कोणाला दिलं नाही.